दुधावरची साय : बेथलेहेमची आजी आणि आपले अंगण

रतनगडाच्या कुशीत उगम पावणारी प्रवरा भंडारदऱ्याच्या जलाशयात क्षणभर विसावते आणि मग डोंगर उतरून अकोल्याच्या अंगणात येते. तिच्या काठी अगस्ती ऋषींचा आश्रम आहे. महाशिवरात्रीला येथे यात्रा भरते, तेव्हा आदिवासी पाड्यांपासून बाजारपेठेपर्यंत सारा तालुका ऋषींच्या दर्शनाला लोटतो. त्या गर्दीकडे जरा निरखून पाहावे. आजोबांच्या खांद्यावर नातू बसलेला असतो आणि आजीच्या पदराचे टोक नातीच्या मुठीत असते. देवापुढे हात कसे जोडावेत, हे त्या चिमुकल्यांना कोणत्या पोथीने शिकविलेले नसते. आजीने आपल्या दोन तळव्यांत त्यांचे तळवे धरून ते शिकविलेले असते.

अगस्तींची एक कथा महाभारताच्या वनपर्वात आली आहे. तपश्चर्येत गढून गेलेल्या या ऋषींना एकदा एका खोल गर्तेत काही वृद्ध पुरुष उलटे लोंबकळताना दिसले. विचारपूस करता ते आपलेच पितर असल्याचे त्यांना कळले. वंश पुढे चालला नाही तर आपल्याला गती नाही, अशी त्यांची व्यथा होती. त्या व्यथेने विरक्त अगस्तींचे मन द्रवले. त्यांनी लोपामुद्रेशी विवाह केला आणि त्यांना दृढस्यू नावाचा पुत्र झाला. हा बालक पित्याच्या होमासाठी समिधांचा भार वाहून आणी, म्हणून त्याला इध्मवाह असेही नाव पडले. नातवाच्या जन्माने पितरांचा उद्धार झाला आणि त्या नातवाने लहानपणीच घरातील अग्नीसाठी इंधन वाहिले. मागील पिढीची आशा पुढच्या पिढीवर असते आणि पुढच्या पिढीने मागील पिढीचा अग्नी विझू द्यायचा नसतो, हेच या कथेचे मर्म होय.

आज नाताळ. ख्रिस्ती बांधवांच्या घरांवर चांदणीचे आकाशकंदील झळकत आहेत, गोठ्याचे देखावे मांडले गेले आहेत आणि करंज्या, शंकरपाळ्या व लाडवांची ताटे शेजारच्या हिंदू घरांत पोचती होत आहेत. आपल्या दिवाळीच्या फराळाची ही परतफेड महाराष्ट्रात अनेक आळ्यांतून वर्षानुवर्षे चालत आली आहे. या मंगल दिनी अगस्तींच्या पितरांचे स्मरण कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, ज्या बेथलेहेम गावी ख्रिस्ताचा जन्म झाला, त्या गावाची त्याआधीची सर्वांत हृद्य कथा हीसुद्धा एका आजीचीच कथा आहे.

सरवा वेचणारी सून

बेथलेहेम या शब्दाचा अर्थ ‘भाकरीचे घर’. परंतु एके काळी या भाकरीच्या घरीच दुष्काळ पडला. नामी नावाची स्त्री पती आणि दोन मुलगे यांच्यासह गाव सोडून मवाब या परमुलखात गेली. पोटासाठी गाव सोडणे म्हणजे काय, हे डोंगराळ अकोले तालुक्याला वेगळे सांगावयास नको. परदेशात नामीचा पती वारला. मुलांनी तेथील मुलींशी लग्ने केली. पण दहा-एक वर्षांत तीही दोन्ही मुले गेली. घरात उरल्या तीन विधवा : एक सासू आणि दोन सुना.

गावाकडे पुन्हा पीकपाणी झाल्याचे ऐकून नामी परत निघाली. सुनांना तिने आपापल्या माहेरी जाऊन नवा संसार मांडण्यास सांगितले. एक रडत रडत परतली. दुसरी, रूथ, मात्र सासूला बिलगून राहिली. ती परक्या लोकांतील होती आणि तिच्या माहेरचे देवही वेगळे होते. पण म्हाताऱ्या सासूला वाटेवर एकटी सोडण्यास तिचे मन धजेना. गावात शिरताना बायाबापड्यांनी नामीला ओळखले, तेव्हा तिने आपले गोड अर्थाचे नाव टाकून ‘मला आता कडू म्हणा’ अशा आशयाचे उद्गार काढले. दुःखाने माणूस आपले नावसुद्धा नाकारू लागते.

पुढे कापणीचे दिवस आले. कापणी करणाऱ्यांच्या मागे शेतात जे कणसांचे धन सांडते, ते गोळा करण्याला आपल्याकडे सरवा वेचणे म्हणतात. गरिबांसाठी तो सरवा सोडावा, असा तेथील धर्मनियम होता. रूथ सरवा वेचून सासूला आणून घालू लागली. त्या शेताचा धनी बवाज हा नामीच्या पतीच्या नात्यातला होता. त्याने रूथचे शील पाहिले, तिचा मान राखला आणि रीतसर तिच्याशी विवाह केला. त्यांना पुत्र झाला, त्याचे नाव ओबेद.

या कथेचा शेवट मोठा विलक्षण आहे. बाळ झाले रूथला. परंतु शेजारणी म्हणू लागल्या की पुत्र झाला तो नामीला. नामीने त्याला उचलून उराशी धरले आणि तीच त्याची दाई झाली. रक्ताचे नाते पाहू गेल्यास त्या बालकात नामीचा एक थेंबही नव्हता. आपला मुलगा तर ती मवाबच्या मातीत ठेवून आली होती. तरीही ती त्या बाळाची आजी झाली, कारण आजीपण रक्ताने येते त्याहून अधिक मांडीने येते. ज्या मांडीवर मूल निजते, ती मांडी आजीची.

हा ओबेद इशायाचा पिता आणि दावीद राजाचा आजोबा. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या प्रारंभी येशू ख्रिस्ताची वंशावळ दिली आहे, तीत या रूथचे नाव आवर्जून आले आहे. श्राद्धाच्या वेळी आपण पिता, पितामह आणि प्रपितामह अशा तीन पिढ्यांचा वसू, रुद्र आणि आदित्य या रूपांत नामोच्चार करतो. मत्तयाने त्याच भावनेने अब्राहामापासून ख्रिस्तापर्यंतच्या पिढ्या मोजल्या. ज्यांच्या मांडीवर खेळत देवभक्ती पुढे आली, त्यांची नावे आधी घ्यावीत आणि मग देवाच्या जन्माची कथा सांगावी, ही रीत आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही.

ख्रिस्ताचे आजीआजोबा

येशूची माता मरीया. तिच्या आईवडिलांची नावे बायबलमध्ये आलेली नाहीत. परंतु ख्रिस्ती परंपरेने ती जतन केली आहेत. आजोबा योआकीम आणि आजी संत आना. पुष्कळ वर्षे या दांपत्याला मूल नव्हते आणि उतारवयात मरीयेचा जन्म झाला, अशी परंपरागत कथा आहे. कॅथलिक पंथात २६ जुलै हा या उभयतांचा स्मरणदिन मानला जातो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून जुलैचा चौथा रविवार आजीआजोबा आणि वृद्धजन यांच्यासाठी जगभर पाळण्याची प्रथा सुरू केली, तीही या स्मरणदिनाला जोडूनच.

गोव्यातील तिसवाडीत तळावली येथे संत आनाचे एक भव्य आणि पुरातन चर्च आहे. जुलैच्या अखेरीस तेथे जे फेस्त भरते, त्याला लोक ‘तवशांचे फेस्त’ म्हणतात. तवसे म्हणजे काकडी. ज्यांना अपत्य नाही अशी जोडपी काकडी अर्पण करून संत आनाकडे मूल मागतात, आणि त्या गर्दीत हिंदू जोडपीही असतात. ख्रिस्ताच्या आजीपुढे कोणी ओटी पसरली तर ती धर्म विचारीत नाही, असा भाव या लोकाचारामागे असावा. आजीचा स्वभावच तो.

इतके दूर जावयासही नको. आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावी सप्टेंबरमध्ये मतमाउलीची यात्रा भरते. मरीयेच्या जन्मदिनानिमित्त, म्हणजे ८ सप्टेंबरच्या सुमारास, ही यात्रा असते आणि तिला सर्व जातिधर्मांचे भाविक जातात. मरीयेचा जन्म म्हणजेच योआकीम आणि आना यांच्या घरचा पाळणा. मरीयेला येथील लोकांनी ‘माउली’ म्हटले, या एकाच शब्दात आळंदी-पंढरीच्या वाटेवरील मराठी मन ओळखू येते.

ख्रिस्तजन्माच्या कथेत वृद्धांना आणखीही मानाचे स्थान आहे. बाळ येशूला मंदिरात आणले, तेव्हा त्याला प्रथम ओळखले ते कोणा अधिकाऱ्याने नव्हे, तर शिमोन नावाच्या वयोवृद्ध भक्ताने आणि हन्ना नावाच्या ८४ वर्षांच्या विधवेने. मरीया आणि योसेफ गरीब होते; पक्ष्यांच्या एका जोडीपलीकडे अर्पण करण्यासारखे त्यांच्याजवळ काही नव्हते. त्या गरिबांच्या बाळाला शिमोनाने हातांत घेतले आणि आयुष्याचे सार्थक झाले, आता सुखाने डोळे मिटीन, असा धन्योद्गार काढला. आपल्याकडे नातवाचे तोंड पाहून म्हातारी माणसे जे बोलतात, त्याहून हे वेगळे ते काय?

तिन्हीसांजेचा आशीर्वाद

पौल हा ख्रिस्ती धर्माचा आद्य प्रचारक. तीमथ्य या आपल्या तरुण शिष्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्याने या शिष्याच्या निर्मळ विश्वासाचे कौतुक केले आहे. तो विश्वास आला कोठून, हे सांगताना पौलाने ना शाळेचा उल्लेख केला, ना ग्रंथाचा. आधी तो लोईस नावाच्या आजीत होता, मग युनीके नावाच्या आईत आणि आता तो तीमथ्यात आहे, अशी परंपरा त्याने सांगितली. ज्या धर्माने पुढे मोठमोठी मंदिरे आणि विद्यापीठे उभारली, त्याच्या आरंभीच्या काळात श्रद्धेचे पहिले पीठ म्हणून एका आजीचे नाव घेतले गेले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

गोव्यातील ख्रिस्ती घरांत तिन्हीसांजेला देव्हाऱ्यापुढे कुटुंब प्रार्थनेस बसे आणि प्रार्थना संपताच मुले वडीलधाऱ्यांपुढे जाऊन ‘बेसांव’, म्हणजे आशीर्वाद मागत. ही रीत अद्यापिही अनेक घरांनी राखली आहे. आपल्याकडे दिवेलागणीला शुभंकरोति म्हणून मुले प्रथम देवाला आणि मग आजीआजोबांना नमस्कार करतात. दिवा निराळा, शब्द निराळे. पण देवाकडून वळून लगेच वडिलांच्या पायांकडे जाणारी ती चार चिमुकली पावले सारखीच. देव आणि आजोबा यांच्यामध्ये बालकाच्या मनात फारसे अंतर नसते.

ख्रिस्ती धर्मविचारात ‘कृपा’ या शब्दाला फार मोठे स्थान आहे. देवाचे प्रेम मनुष्याने कमावलेले नसते; त्याच्या योग्यतेवर ते अवलंबून नसते; ते आधीच दिलेले असते, अशी ती शिकवण. हा विचार तत्त्वज्ञानाच्या भाषेत समजून घेणे कठीण. परंतु नातवाला जवळ घेतलेल्या आजीकडे पाहिले की तो चटकन उमगतो. आईबापांच्या प्रेमात, कितीही निर्मळ असले तरी, अपेक्षेचा एक धागा असतो. मुलाने शिकावे, नाव काढावे, म्हातारपणी आधार व्हावे. आजीला या कशाचीच वाट पाहावयाची नसते. नातू कर्ता होईल तेव्हा आपण नसू, हे तिला ठाऊक असते. ज्या झाडाची फळे चाखावयास मिळणार नाहीत, त्या झाडाला ती पाणी घालते. म्हणून तर आपल्याकडे दुधापेक्षा दुधावरची साय प्रिय म्हणतात. सायीला कोणी नफ्यातोट्याच्या मापाने मोजीत नाही.

नगर जिल्ह्यातील एक घर

हे सारे ऐकावयास गोड आहे. परंतु श्रद्धेमुळेच एखादे घर दुभंगले तर? आईबाप, सासूसासरे, नातवंडे यांच्यामध्ये धर्माचीच भिंत उभी राहिली तर? हा प्रश्न कल्पनेतला नाही. आपल्याच जिल्ह्याने त्याचे उत्तर एका घराच्या रूपाने पाहिले आहे.

हरिश्चंद्रगडाच्या परिसरात उगम पावून अकोले तालुक्यातूनच निघणारी मुळा नदी पुढे राहुरीला जाते. त्या राहुरीत १९०० साली लक्ष्मीबाई टिळक यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याआधीची पाच वर्षे म्हणजे त्यांच्या आयुष्यातील अग्निपरीक्षा होती. १८६८ साली जन्मलेल्या लक्ष्मीबाई कडक सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढल्या होत्या. लहान वयात त्यांचे लग्न नारायण वामन टिळक यांच्याशी झाले. टिळक मोठे कवी, मराठी रसिकांनी पुढे ज्यांना फुलामुलांचे कवी म्हणून गौरविले ते. त्यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली आणि एका दिवसात या बाईंचे घर, नाते आणि समाज यांची उलथापालथ झाली.

त्या आघाताने घर मोडले, हे सत्य झाकण्याचे कारण नाही. पदरी लहानगा दत्तू. नवरा जिवंत असून अंतरलेला. नातलगांच्या आश्रयाने पंढरपुरात काढलेले दिवस. ज्यांनी त्यांना आसरा दिला, त्या आप्तांचे प्रेमही खरेच होते आणि ज्याने नवा धर्म स्वीकारला, त्या पतीचे पत्नीवरील प्रेमही खोटे नव्हते. अशा वेळी कोणी एक पक्ष वाईट असता तर दुःख सोपे झाले असते. पण प्रेम दोन्हीकडे होते, म्हणून तर ते दुःख एवढे दारुण झाले. लक्ष्मीबाईंनी ते कोठेही कडवटपणा न येऊ देता, उलट स्वतःवरच हसत, आपल्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात सांगितले आहे. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ आज मराठीचे भूषण मानला जातो, तो बाईंनी कोणत्या धर्मात लिहिला हे पाहून नव्हे.

काही वर्षांनी पतीपत्नी पुन्हा एकत्र आली. प्रथम संसार जुळला. धर्माचा प्रश्न लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या मनाशी, स्वतःच्या वेगाने सोडविला. पुढे टिळकांच्या घरी अनाथ, निराधार मुलांचा राबता सुरू झाला. घरची ओढाताण असूनही लक्ष्मीबाईंनी अनेकांच्या तोंडी घास घातला. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे आपले लाडके बालकवी, काही काळ याच घरात राहिले आणि बाईंनी त्यांच्यावर आईची माया केली. या घरात कोणाची जात कोणती आणि पंगत कोणती, हा हिशेब उरला नव्हता. ज्या माहेरी सोवळ्यासाठी वस्तू पुन्हा पुन्हा धुतल्या जात, त्या माहेरच्या लेकीने शेवटी कोणाचेही मूल कडेवर घेतले. नामीची मांडी ती हीच.

टिळकांनी मराठी संतांचा हात कधी सोडला नाही. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते मानीत. त्यांनी ख्रिस्ताला अभंगांत आळविले, माउली म्हणून हाक मारली, ख्रिस्ती उपासनेत टाळ-मृदंग आणि कीर्तन आणले. ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्र त्यांनी ओवीबद्ध करावयास घेतले. परंतु ते अपुरे असतानाच १९१९ साली त्यांचे निधन झाले. ज्यांना पतीने अक्षरओळख करून दिली होती, त्या लक्ष्मीबाईंनी वार्धक्यात ती पोथी पुढे लिहावयास घेतली आणि तीत ६४ अध्यायांची भर घातली. १९३६ साली त्याही गेल्या. मग पुत्र देवदत्त नारायण टिळक यांनी १९३८ साली तो ग्रंथ प्रकाशात आणला. हा देवदत्त म्हणजेच पंढरपुरात आईच्या पदराआड असलेला तो दत्तू. आणि पुढे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी आपल्या आजीच्या ‘स्मृतिचित्रां’ची संपूर्ण आवृत्ती साक्षेपाने संपादित करून मराठी वाचकांच्या हाती दिली.

आजोबांनी आरंभलेले आजीने चालविले, पित्याने सिद्धीस नेले आणि आजीचे शब्द नातवाने जपले. इध्मवाहाने समिधांचा भार वाहिला, तो असाच. हे घर एकदा धर्माच्याच कारणाने दुभंगले होते, हे आठवले म्हणजे या तीन पिढ्यांच्या सांधणीचे मोल कळते. घर सांधले ते वादविवादाने नव्हे. कोणी कोणाला जिंकले नाही. कोणी तरी वाट पाहिली, कोणी तरी दार उघडे ठेवले, म्हणून ते सांधले.

बियाणे जपणारी आजी

आजीच्या प्रेमाला काही विशिष्ट धर्माचाच टिळा असावा लागतो, असे मात्र कोणी समजू नये. अकोले तालुक्यातील कोंभाळणे या आदिवासी गावच्या राहीबाई सोमा पोपेरे यांचे नाव आता देशाला ठाऊक आहे. शाळेची पायरी न चढलेल्या या शेतकरी स्त्रीला २०२० सालची पद्मश्री जाहीर झाली. औषधे फवारलेल्या भाज्या खाऊन नातू आजारी पडला, तेव्हा या आजीच्या मनाने घेतले की आपल्या वाडवडिलांचे गावरान बियाणेच बरे. तिने ते घरोघरहून गोळा केले, जुन्या पद्धतीने मडक्या-कणग्यांत जपले आणि इतर शेतकरी भगिनींनाही वाटले. आज लोक त्यांना ‘बीजमाता’ म्हणून ओळखतात. एका नातवाच्या दुखण्यातून सुरू झालेली ही माया पाहता पाहता सर्वांच्या लेकरांपर्यंत पोचली.

ख्रिस्तानेही देवाच्या राज्याला बियाण्याची उपमा दिली आहे. सर्वांत लहान असा मोहरीचा दाणा, आणि त्याच्या फांद्यांवर पाखरांचा विसावा. श्रद्धा ही बियाण्यासारखीच असते. ती पेरावी लागते, जपावी लागते आणि एका हाताने दुसऱ्या हातात द्यावी लागते. विकत आणलेले वाण एका हंगामापुरते. आजीने दिलेले बी पिढ्यान्‌पिढ्या उगवते.

समिधांचा भार कोण वाहणार?

येथवर आजीआजोबांनी काय दिले ते पाहिले. परंतु देण्याची ही वाट एकतर्फी असावी काय? तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौलाने एक रोखठोक गोष्ट सांगितली आहे. एखाद्या विधवेला मुले किंवा नातवंडे असतील, तर त्यांनी देवभक्तीचा पहिला पाठ आपल्या घरी गिरवावा आणि वडीलधाऱ्यांचे ऋण फेडावे. देवाला आवडते ते हेच, असा त्याचा भावार्थ. मंदिरातील भक्ती नंतर, घरातील म्हातारीची भाकरी आधी. आपल्याकडेही पुंडलिकाने आईबापांची सेवा चालू असताना दारी आलेल्या देवाला विटेवर उभे केले आणि तो देव तसाच उभा राहिला. दोन धर्मांचे एवढे स्पष्ट एकमत क्वचितच सापडेल.

आणि आपला व्यवहार काय सांगतो? मुलगे-सुना नोकरीधंद्यासाठी पुण्या-मुंबईस, नाशकास जातात आणि डोंगरकुशीतील घरांत दोन म्हातारे जीव सणाची वाट पाहत राहतात. कामाच्या शोधात परगावी जाणाऱ्यांची लेकरे आजीच्याच भाकरीवर वाढतात; पण ती मोठी झाली की त्यांनाही शहर बोलावते. वृद्धांच्या पोटगीसाठी २००७ साली देशाला कायदा करावा लागला आणि त्या कायद्याने सांभाळाची जबाबदारी मुलांबरोबर सज्ञान नातवंडांवरही टाकली. जे शुभंकरोतीबरोबर मनावर ठसावयास हवे होते, ते कायद्याच्या कलमात लिहावे लागले, ही गोष्ट कोणत्याही श्रद्धाळू घराला विचार करावयास लावणारी आहे. येथे हिंदू-ख्रिस्ती असा भेद करण्याला जागाच नाही. एकट्या म्हातारीच्या चुलीतला विझत चाललेला निखारा कोणत्याही धर्माचा नसतो.

प्रवरा आणि मुळा या दोघी अकोल्याच्या डोंगरांतून वेगवेगळ्या वाटांनी निघतात. एक अगस्तींच्या आश्रमापाशी थबकते, दुसरी लक्ष्मीबाईंच्या राहुरीला जाते. पण नेवाशाच्या मुलखात, जेथे ज्ञानदेवांनी १२९० साली भगवद्‌गीतेचा अर्थ मराठीत सांगितला त्या पवित्र भूमीत, त्या एकमेकींना मिळतात आणि गोदावरीला आपले पाणी अर्पण करतात. नद्यांना वळणे निरनिराळी असतात. उतार एकच असतो. आजीची माया असाच उतार आहे. ती नेहमी लहानाकडे, दुबळ्याकडे, रडणाऱ्याकडे वाहते.

आज सायंकाळी शेजारच्या ख्रिस्ती घरी नाताळच्या शुभेच्छा देण्यास जाल, तेव्हा गोठ्यातील बाळाला नमस्कार करून कोपऱ्यात बसलेल्या आजीचीही विचारपूस करावी. तिच्या मांडीवरून ती श्रद्धा पुढे आली आहे. आणि घरी परतल्यावर दिवा लावण्यापूर्वी आपल्या आजीजवळ, आपल्या आजोबांजवळ घटकाभर टेकावे. त्यांना औषध वेळेवर मिळाले का, थंडीत पांघरूण पुरते का, एवढेच विचारावे. दूर असाल तर निदान त्यांना आपला आवाज ऐकवावा. गर्तेत लोंबकळणारे पितर पुराणातच होते असे नाही. आपल्या दोन शब्दांच्या आधारावर लोंबकळणारी माणसे घराघरांत आहेत. त्यांना हात देणे, हीच नामीच्या मांडीवरील बाळाची आणि अगस्तींच्या इध्मवाहाची खरी पूजा होय.